पापणी मिटेपर्यंत

दिवेलागण झाली की आबा शेडचं दार आतून ओढून घ्यायचे आणि शिट्टी वाजवायचे. तोंडात बोटं घालून मारतात तसली रानटी शिट्टी नव्हे. ओठांचा चंबू करून वाजवलेली, खालून वर चढत जाणारी, लांबलचक. ती वाजली की एवढ्या मोठ्या शेडमधला कोंबड्यांचा कलकलाट एकाएकी थांबायचा. सगळ्या माना वर, सगळ्या चोची बंद. ती शांतता टिकायची चार-पाच श्वास, आणि तेवढ्यात आबा कानोसा घेऊन मोकळे व्हायचे. सर्दी झालेली कोंबडी शिंकते, पण ते शिंकणं असतं एवढंसं, कात्रीनं दोरा कापावा तेवढं. इतर वेळी ते गलबल्यात बुडून जातं. "साफ आहे," असं म्हणत आबा बाहेर आले की मग घरातले सगळे जेवायच्या तयारीला लागायचे.

सूनबाई या घरात आली त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी तिनं ती शिट्टी पहिल्यांदा ऐकली. नवी नवरी, अनोळखी घर, आणि मागच्या अंगणातून कुणीतरी शीळ घालतंय! ती दचकून भांड्यांच्या मांडणीमागे सरकली. तिची नणंद पोट धरून हसली होती. "अगं वहिनी, आबा आहेत ते. कोंबड्यांना घालतात शीळ. आपल्याला घालायला कोण रिकामं बसलंय!"

ही आठवण निघाली की सूनबाईला अजून हसू येतं. त्या शिट्टीच्या मापानं तिच्या तरुणपणाचे सगळे दिवस मोजले गेले.

पण गोष्ट सांगायची आहे ती त्या एका सालची. आदल्या हिवाळ्यात अख्खी बॅच सर्दीनं बसली होती. आबा रोज साफ आहे म्हणत होते, आणि एका सकाळी सूनबाई खाद्य घालायला गेली तर पुढ्यातल्या कोंबड्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस. तोंडं सुजलेली, श्वास घेताना घशात घुरघुर. अंडी बघता बघता निम्म्यावर आली. अंडीवाल्यानं दारात गाडी थांबवली, खाली न उतरताच ट्रेमधलं एक अंडं उचलून उन्हात धरलं आणि तोंड वाकडं करून परत ठेवलं. औषधाची पिवळी पूड पाण्यातून दिली तेव्हा आजार दबला, पण गेला नाही. हा आजार एकदा शिरला की बिऱ्हाड थाटूनच राहतो. शेवटी सगळ्या कोंबड्या काढाव्या लागल्या. शेड धुतली, भिंतींना चुना मारला, जुना भुसा लांब नेऊन जाळला. मग कितीतरी दिवस शेड रिकामी होती. संध्याकाळी आबा सवयीनं दारापर्यंत जायचे, कडीला हात लावायचे आणि माघारी फिरायचे.

तिचा नवरा म्हणजे आवाजाचा धनी. तो कुजबुजला तरी शेजारच्या गोठ्यातली गाय मान वर करून बघायची. नव्या पिलांची बॅच आली त्या दिवशी त्यानं ओट्यावर बसून जाहीर केलं, "ही शेवटची. हिला सर्दी झाली तर शेडला कुलूप. मी दाजींच्या वखारीत जातो. बोलणं झालंय माझं."

दाजी म्हणजे वन्संचा नवरा. त्यांची लाकडाची वखार शहरात होती, आणि वखारीच्या माडीवर दोन खोल्या रिकाम्या होत्या. सूनबाईनं त्या खोल्या पाहिल्या होत्या. खिडकी उघडली की करवतीचा भुसा आत, बंद केली की जीव घुसमटणार. तिला कुठंच जायचं नव्हतं. पिलू हातात घेतल्याबरोबर त्याचा पोटा भरलाय की रिकामा हे ती आता न बघता सांगायची. ही विद्या वखारीत कुणाच्या कामाची होती?

आबांनी कपातला चहा संपवला आणि उठून पिलांच्या दिव्याची उंची बघायला गेले.

पिलं वाढली, त्यांच्या तलंगा झाल्या. अजून अंड्यावर न आलेल्या, चकचकीत पिसांच्या, सदा कशाला तरी घाबरून पळणाऱ्या. तेव्हा जनावरांची नवी डॉक्टरीणबाई आली. वयानं लहान, कामाला चोख, आवाज मात्र चिमणीएवढा. तिनं काही तलंगांचं रक्त नेऊन तपासलं, आजाराचा मागमूस नाही म्हणाली, आणि ओट्यावर बसून लशीचं समजावून सांगायला लागली.

"ही लस जिवंत आहे. म्हणजे त्याच आजाराचा जंतू, पण दुबळा केलेला. डोळ्यात थेंब टाकला की तो आत श्वासनळीत जाऊन बसतो. मग खरा आजार आला की त्याला जागा मिळत नाही."

"म्हणजे चोर शिरू नये म्हणून घरात भाडेकरू ठेवायचा," नवरा म्हणाला.

"तसंच समजा. पण भाडेकरू जगला पाहिजे. म्हणून पाण्यात, खाद्यात कसलंही औषध नको. आधीचे काही दिवस नको आणि नंतर महिनाभर नको. ती पिवळी पूड तर मुळीच नको. पूड जंतू मारते, आणि लस म्हणजे जंतूच आहे."

आबा ओट्याच्या त्या टोकाला बसून मान डोलावत होते. नव्या गोष्टीला ते सहसा मान डोलवत नसत. सूनबाईला वाटलं, चला, म्हाताऱ्याला पटलं एकदाचं.

घाई करायलाच हवी होती. ओढ्यापलीकडच्या फार्मवर कोंबड्या शिंकायला लागल्याची बातमी होती. लस लांबून यायची, धूर निघणाऱ्या बर्फाच्या डब्यात. ती आली त्या दिवशी वन्संही सकाळच्या गाडीनं आल्या. लशीचा दिवस असला की त्या येणारच. सासरी कितीही काम असो, लग्नानंतर त्यांनी एकही लस चुकवली नव्हती. "मला माहेरपण म्हणजे तुमच्या कोंबड्यांची पिसं," म्हणायच्या, आणि आल्या आल्या जुने कपडे घालून डोक्याला फडकं बांधायच्या.

डॉक्टरीणबाईनं लशीची बाटली पांढऱ्या वाडग्यातल्या कोमट पाण्यात हलवत वितळवली, पहिले काही थेंब स्वतः टाकून दाखवले आणि दुसऱ्या गावच्या कामाला निघून गेली. पुढची साखळी घरचीच होती, वर्षानुवर्षं ठरलेली. नवरा फळी आडवी धरून कोंबड्या कोपऱ्यात कोंडायचा आणि पायाला धरून उचलायचा. वन्सं ती घेऊन पंख आवरून पुढं द्यायच्या. सूनबाई ती काखेत दाबून मान आडवी करायची, एक डोळा वर. आबा थेंब टाकायचे. पण थेंब टाकला म्हणजे काम झालं असं नव्हतं. डोळ्यावर तो थरथरत राहतो, कोंबडीनं मान झटकली की जमिनीवर. तो आत जायचा तर पापणी मिटली पाहिजे. आबा वाकून बघत राहायचे आणि पापणी खालून वर सरकली की म्हणायचे, "मिटली." तेव्हाच सूनबाई हात सैल करायची. त्याआधी सोडलेली कोंबडी आबा परत धरून आणायला लावायचे, मग ती शेडच्या दुसऱ्या टोकाला का गेली असेना.

"मिटली."

"मिटली."

"आबा, या कोंबड्यांना मिटायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी वखारीत सगळ्यांचा स्वयंपाक करते," वन्सं म्हणाल्या.

"म्हणूनच दाजी वाळलेत," नवरा ओरडला, आणि शेडमधली धूळ हसण्यानं आणखी उडाली. घामावर पिसं चिकटली होती, हातांवर ओरखडे उठले होते, सूनबाईची काख नखांनी सोलवटून निघाली होती. तरीही तिला तो दिवस आवडायचा. त्या दिवशी घरातलं कुणीही कुणाशी भांडत नसे, कारण प्रत्येकाच्या हातात पुढच्याला द्यायचं काहीतरी असे.

निम्म्याच्या वर तलंगा झाल्या आणि दुसरी बाटली वितळवायची वेळ आली. सूनबाई वाडगा घेऊन बाहेर आली. घरातून पाणी आणण्याआधी तो विसळून घ्यावा म्हणून तिनं शेडच्या टाकीचा नळ सोडला. पांढऱ्या वाडग्यात पाणी पडलं ते पिवळं. तिनं ओतून परत भरलं. परत पिवळंच.

तिनं नळ बंद केला. टाकी तिच्याकडे असली तरी पूड कुणी टाकली हे तिला विचारावंच लागलं नाही. कुठल्याही लशीच्या आदल्या दिवशी पुडीचा एक डोस, हा आबांचा नेम होता. धराधरीत कोंबड्या भेदरतात, भेदरल्या की सर्दी धरते, म्हणून आधीच बंदोबस्त. आधीच्या लशी वेगळ्या होत्या, त्यांचं पुडीनं काही बिघडत नव्हतं. पण या वेळी बाईंनी एवढं बजावलं होतं, आणि आबांनी मान डोलावली होती.

ती वाडगा घेऊन तशीच आत गेली. नवऱ्यानं पाण्याचा रंग पाहिला आणि हातातली कोंबडी सुटली.

"पूड? अगं, पूड टाकलीस तू? टाकी तुझ्याकडे असते ना? बाईंनी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं! पुडीनं लस मेली सगळी! सकाळपासून काय पाणी घालतोय आपण त्यांच्या डोळ्यात?"

वन्संनी हातातली कोंबडी खाली सोडली. मदतीला आलेली शेजारीण पायातली पिसं झटकण्यात गुंतली. सूनबाईनं आबांकडे पाहिलं. आबा वाडग्याकडे बघत होते, मग हातातल्या थेंबाच्या बाटलीकडे. त्यांचा चेहरा उतरला होता, म्हणजे त्यांना कळलं होतं. आता बोलतील म्हणून ती थांबली. आबांनी बाटली खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि बाहेर निघून गेले.

 रागाच्या भरात तिला खुलासासुद्धा करावासा वाटला नाही. म्हणायचं त्याला म्हणू दे.

फोनवर डॉक्टरीणबाई रागावली नाही, तेच अधिक लागलं. आता थांबायचं, म्हणाली. टाकी, नळ्या, भांडी सगळं धुवून काढायचं. औषध अंगातून उतरायला दिवस लागतील, मग नवी लस मागवून सगळ्याच तलंगांना पहिल्यापासून. "तोवर आजार आत आला नाही म्हणजे मिळवली. रोज कानोसा घ्या. एक जरी शिंकली तरी मला कळवा."

सूनबाईनं टाकी घासली. नळ्या सोडवून एकेक फुंकून साफ केली. नवरा मदतीला होता, पण पाठ फिरवून. जाताना वन्संनी तिचा हात दाबला आणि म्हणाल्या, "होतं गं वहिनी, माणूस आहे." त्या समजूतदारपणानं तिला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. करायचं कुणी आणि समजूत कुणाची! पुढचे दोन दिवस तिनं आबांसमोर ताट ठेवलं ते न बोलता ठेवलं, आणि आबांनीही खालमानेनं चार घास खाल्ले. माहेराहून आल्यापासून ज्या माणसाच्या सावलीत ती उभी राहिली, त्यानं तिला असं उघड्यावर सोडावं हे तिच्या जिवाला लागलं होतं.

संध्याकाळी शिट्टी मात्र वाजत होती. "साफ आहे," आबा म्हणत होते.

तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हाक मारली. "पोरी, जरा शेडमध्ये ये."

ती गेली. तोंड फुगवूनच गेली. आबांनी दार ओढलं, दिवा मालवला आणि शिट्टी वाजवली. कलकलाट थांबला. त्या शांततेत, पाण्याच्या बाजूच्या कोपऱ्यातून, सूनबाईला अगदी स्पष्ट ऐकू आलं. दोरा कापल्यासारखं, एकदाच.

 ती आबांकडे बघत राहिली. जाळीतून येणाऱ्या अंधुक उजेडात आबा मान कलती करून उभे होते, नेहमीसारखेच. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग त्यांनी अंधारात आपला हात पुढं केला, तळवा वर.

"किती?" ते म्हणाले.

तिचा हात पुढं येईना तसा त्यांनी तळवा हलवला.

"किती शिंकल्या?"

तिला कळेना. तिनं काही विचारलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही. ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत राहिले. "आदल्या हिवाळ्याच्याही आधीपासून. मेघ गडगडले तर येतात ऐकू. माझ्या लेकाचा आवाज येतो, तो कुणाला येत नाही म्हणा! पण बारीक काही येत नाही. तुझ्या बांगड्या वाजायच्या, त्या एक दिवस वाजायच्या थांबल्या. मला वाटलं, तूच काढून ठेवल्यास."

सूनबाईच्या हातात बांगड्या होत्या. तिनं त्या कधीच काढल्या नव्हत्या.

मग एकेक करून सगळं तिच्या ध्यानात आलं. आदला हिवाळा, रोजचं साफ आहे, आणि शेडमध्ये तेव्हा कोंबड्या शिंकतच असणार. ओट्यावरची ती मान डोलावणी, आणि बाईंचा तो चिमणीएवढा आवाज. तीन दिवस धरून ठेवलेला राग कुठल्या कुठं गेला आणि तिला आबांची माया आली. बोलून उपयोग नव्हता. हळू बोललेलं त्यांना ऐकू गेलं नसतं आणि मोठ्यानं बोललं तर कोंबड्या उठल्या असत्या. तिनं त्यांच्या तळव्यावर अंगठा ठेवला आणि एकदा दाबला.

"एक," आबा म्हणाले. "कुठं?"

तिनं त्यांचा हात धरून कोपऱ्याकडे नेलं. दिवा लावला. आता ते तिच्यापुढं झाले. वाकून एकेक तलंग बघत गेले आणि एक उचलली. डोळ्याचा कोपरा उजेडात धरला, फेस नव्हता. नाकपुडी चिमटीत धरून हलकेच दाबली, फडक्याच्या टोकानं पुसली, आणि टोकावर आलेलं बारीक कुसळ तिला दाखवली.

"भुसा," ते म्हणाले. तिचा जीव भांड्यात पडला. आबांनी तलंग खाली सोडली आणि तिच्याकडे न बघता, बाहेर जाता जाता म्हणाले, "उद्यापासून रोज ये."

नव्या लशीची वाट बघण्याचे ते दिवस तिला अजून जसेच्या तसे आठवतात. ओढ्यापलीकडचा फार्म रिकामा झाला, तिथली कोंबड्यांची गाडी रात्रीऐवजी भर दुपारी यांच्या दारावरून गेली आणि नवरा ती जाईपर्यंत रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. वारा त्या बाजूनं सुटला की सगळे धसकायचे. शेडच्या दाराशी चुन्याचं पाणी ठेवलं होतं, पाय बुडवल्याशिवाय कुणी आत जात नसे, खाद्यवाल्यालाही फाटकाबाहेर थांबवलं जाई. आणि रोज दिवेलागणीला आबांची शिट्टी, मग शांतता, मग त्यांचा पुढं केलेला तळवा. सूनबाई त्यावर अंगठा टेकून उभी राहायची. इतकी ऐकायची की स्वतःचं रक्त कानात वाजायचं. दाब नाही. "साफ?" आबा विचारायचे. ती मान हलवायची, आणि ते मोठ्यानं, घराला ऐकू जाईल असं म्हणायचे, "साफ आहे!"

नवऱ्याच्या लेखी पूड अजून तिनंच टाकलेली होती. तिनं ते तसंच राहू दिलं. आता राग नव्हता, पण जे आबांनी सांगायचं ते आपण कसं सांगावं, हे तिला सुचत नव्हतं.

नवी लस आली. वन्सं आल्या, शेजारीण आली. डॉक्टरीणबाईनं डबा उघडला, धूर जमिनीवरून सरपटत गेला. ती ओट्यावर बसून परत समजावून सांगणार तेवढ्यात आबा उठले आणि तिच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असे बसले.

"बाई, जरा मोठ्यानं बोला. मागच्या वेळी तुम्ही काय सांगितलं ते मला ऐकू आलं नव्हतं. पूड मी टाकली होती. हिनं नव्हे." मग थांबून, कुणाकडेच न बघता, "आदल्या साली कोंबड्या शिंकत होत्या, तेही मला ऐकू आलं नाही. सांगायची लाज वाटली. कान गेले म्हटल्यावर शेडमध्ये माझं काय काम राहिलं असतं?"

 बाटली वाडग्यात तरंगत राहिली. नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं, आणि बोलायला तोंड उघडून, आयुष्यात पहिल्यांदाच, आवाज न फुटता परत मिटलं. मग तो उठला, आत जाऊन आबांचं डोक्याचं फडकं घेऊन आला आणि स्वतःच्या हातानं त्यांना बांधलं.

"थेंब कोण टाकणार मग?" तो म्हणाला. "चला. ऊन चढायच्या आत उरकू."

त्या दिवशी चेष्टा कमी झाली. पण साखळी तशीच चालली. फळी, पाय, पंख, काख, मान. आबांचा हात तेव्हाही दगडासारखा स्थिर होता. थेंब पडायचा, पिवळट डोळ्यावर थरथरायचा, आणि आबा वाकून वाट बघायचे.

"मिटली."

दुपार कलेपर्यंत एकही तलंग परत धरून आणावी लागली नाही.

पुढं काही आठवड्यांनी बाईंनी रक्त नेलं आणि फाटकातूनच, स्वतःच्या मानानं बऱ्याच मोठ्यानं, ओरडून सांगितलं, "आबा, लागली! लस लागली!" भाडेकरू जगला होता. त्या हिवाळ्यात सगळीकडे कोंबड्या शिंकल्या, यांच्या शेडमध्ये अंड्यांचे ट्रे भरत राहिले. वखारीच्या माडीवरच्या खोल्यांत दाजींनी फळ्या रचल्या. आणि सूनबाईनं घरात कुणी नसताना मोकळेपणानं रडून घेतलं.

त्यानंतर कितीतरी बॅचेस आल्या आणि गेल्या. शिट्टी आबांची आणि कान हिचे, असं ते दोघं वर्षानुवर्षं दिवेलागणीला शेडमध्ये उभे राहिले. एक दाब, दोन दाब, बहुतेक वेळा एकही नाही. तिला शिट्टी काही जमली नाही. आबांनी शिकवून पाहिलं, ओठांचा चंबू करून तिनं फुंकलं की नुसती हवा यायची आणि आबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. "राहू दे. मी आहे ना," म्हणायचे.

आबा गेले ते अंगणातल्या बाजेवर, दुपारच्या उन्हात, शेडकडे तोंड करून. घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. वन्सं चार दिवस राहून गेल्या. त्यांना गाडीत बसवून आल्यावर सूनबाई सवयीनं शेडमध्ये गेली, दार ओढलं, दिवा मालवला. कोंबड्यांचा कलकलाट चालू होता. ती तशीच उभी राहिली. इतके दिवस शेजाऱ्यांच्या पोरांनी खाद्य घातलं होतं, कानोसा कुणी घेतला नव्हता. तिनं ओठ गोळा केले. नुसती हवा आली. परत केले, परत हवा. त्या कलकलाटात ती एकटी उभी राहून हमसून हमसून रडली, आणि कुणाला ऐकूही गेलं नाही.

मागं दार वाजलं. नवरा आत आला, दार परत ओढलं आणि तिच्या शेजारी उभा राहिला. त्यानं शिट्टी वाजवली. वेडीवाकडी, मध्येच फाटलेली, भलतीच मोठी. पण खालून वर चढत गेली.

कोंबड्या गप्प झाल्या.

अंधारात त्यानं हात पुढं केला, तळवा वर. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सूनबाईनं डोळे पुसले, त्याच्या तळव्यावर अंगठा ठेवला आणि कान दिला.